घराचा उजेड टिपताना

गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी या तीन निमित्तांनी मुंबई-पुण्यातील असंख्य कुटुंबे कोकणातील आपल्या गावच्या घरी जातात. परतताना प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये शेकडो छायाचित्रे असतात. ओटीवर ओळीने उभी राहिलेली भावंडे, झोपाळ्यावरची आजी, ताटात वाढलेले मोदक. काही वर्षांनी ती पुन्हा पाहताना मात्र जाणवते, की यात माणसे आहेत, पण घर नाही. कारण घर म्हणजे केवळ भिंती नव्हेत. माजघरातला भरदुपारचा काळोख, कौलांतून उतरणारा कवडसा, घंगाळातल्या पाण्यावरून छतावर थरथरणारी तिरीप, हेही घरच असते. जुनी कौलारू घरे उतरवून त्या जागी स्लॅबची घरे उभी राहत आहेत. झोपाळा, फडताळ, तांब्या-पितळेची भांडी नव्या घरात नेता येतात. उजेड नेता येत नाही. तो टिपून ठेवायचा, तर जुने घर उभे आहे तोवरच.

छायाचित्रणाचा आरंभही असाच घराच्या उजेडातून झाला आहे. फ्रान्समधील निसेफोर निएप्स यांनी १८२६-२७च्या सुमारास आपल्या गावच्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारे दृश्य टिपले. कॅमेऱ्याने घेतलेल्या आणि आजवर टिकून राहिलेल्या छायाचित्रांत ते सर्वांत जुने मानले जाते. ते उमटण्यास इतका वेळ लागला, की दरम्यान सूर्य आकाशाच्या एका बाजूकडून दुसरीकडे गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंती उजळलेल्या दिसल्या. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी ऑगस्ट १८३५मध्ये तयार केलेले निगेटिव्ह हे उपलब्ध निगेटिव्हांपैकी सर्वांत जुने. त्याचा विषय होता लेकॉक अ‍ॅबी या त्यांच्याच घरातील जाळीदार खिडकी!

उजेडाकडे पाहण्याचा सराव गावी पोहोचण्यापूर्वी, प्रवासातच करता येतो. कोकण रेल्वेच्या वातानुकूलित डब्याची खिडकी ही त्याची उत्तम शाळा आहे. साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परावर्तित होतो. बाहेर ऊन असताना हे क्षीण प्रतिबिंब डोळ्यांना जाणवतही नाही. गाडी रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यात शिरली, की बाहेरचा उजेड संपतो आणि त्याच काचेचा आरसा होतो. त्यात शेजारी पेंगणारा मुलगा दिसतो, डबा उघडून बसलेली आई दिसते. तिन्हीसांजेला बाहेरचा आणि आतला उजेड जवळपास सारखा होतो. तेव्हा आईचा चेहरा आणि मागे पळणारी माडांची रांग एकाच चौकटीत सामावते. केवळ बाहेरचे दृश्य हवे असेल, तर मात्र कॅमेऱ्याचे भिंग काचेला जवळजवळ टेकवावे आणि फ्लॅश बंद ठेवावा.

घरी पोहोचल्यावर प्रथम शोधावा तो कवडसा. कौलांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, मात्र जमिनीवर पडणारे ठिपके गोल किंवा लंबगोल दिसतात. कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. लहानसे छिद्र येथे भिंगाचे काम करते. म्हणूनच खंडग्रास ग्रहणाच्या वेळी हेच ठिपके कोरीसारखे होतात. सूर्याचे आपल्यापासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट आहे. त्यामुळे छिद्रापासून पाच मीटरवर पडणारा कवडसा साधारण साडेचार-पाच सेंटिमीटरचा असतो. पृथ्वी फिरत असल्याने तो अवघ्या दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. भिंतीवरच्या तसबिरीवर किंवा देवघरातल्या तांब्यावर तो येणार असे दिसले, की कॅमेरा हाती घेऊन थांबावे लागते. तो आपल्यासाठी थांबत नाही.

सावल्यांचे गणितही याच प्रमाणातून उलगडते. सूर्य बिंदू नसून तबकडी असल्याने वस्तू जितकी दूर, तितकी तिच्या सावलीची कड पुसट. खिडकीच्या गजांची जवळच्या भिंतीवरची सावली रेखीव असते, तर दहा मीटर उंचीवरच्या माडाच्या झावळीची अंगणातली सावली कडेला सुमारे नऊ सेंटिमीटर विरघळलेली असते. छायाचित्रात ही पुसट कड झाडाची उंची सांगून जाते.

ऋतूनुसार सावल्या बदलतात. मेच्या पूर्वार्धात सूर्य कोकणाच्या अगदी डोक्यावर येतो. रत्नागिरीत ८ मेच्या, तर मुंबईत १५ मेच्या सुमारास मध्यान्ही उभ्या खांबाची सावलीच नाहीशी होते. अशा वेळी अंगणात काढलेल्या छायाचित्रांत डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. माणसांना ओसरीच्या कडेशी, सावलीत बसवावे. तापलेल्या अंगणावरून उसळणारा उजेड त्यांचे चेहरे खालून हळुवार उजळतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र भरदुपारीही सावली उंचीच्या पाऊणपटीहून लांब असते आणि उन्हे ओसरी ओलांडून आत येतात.

एकदा हुकलेला उजेड वर्षातून आणखी एकदा भेटतो, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिरातील किरणोत्सव परंपरेने ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा दोनदा येतो. कारण या दोन्ही काळांत सूर्याचा मार्ग जवळपास एकच असतो. हाच नियम आपल्या माजघरालाही लागू आहे. दिवाळीनंतर, १० नोव्हेंबरच्या सुमारास आजीच्या खाटेवर पडणारी तिरीप १ फेब्रुवारीच्या आसपास पुन्हा तेथेच येते. घड्याळात मात्र ती सुमारे अर्धा तास उशिरा दिसते. म्हणून छायाचित्रासोबत तारीख आणि वेळ टिपून ठेवणे फायद्याचे.

गणपतीत उजेडाची तऱ्हा निराळी. ढगांनी भरलेले आभाळ हाच एक प्रचंड दिवा होतो, सावल्या मिटतात आणि प्रतिबिंबांचे दिवस येतात. पाण्याकडे सरळ खाली पाहिले, तर ते जेमतेम दोन टक्के प्रकाश परत पाठवते. नजर जितकी तिरपी, तितके ते आरशासारखे होते. त्यामुळे अंगणातल्या डबक्यात घराचे प्रतिबिंब हवे असेल, तर उकिडवे बसून कॅमेरा पाण्यालगत न्यावा. जुन्या आरशातले प्रतिबिंब टिपताना आरशाच्या काचेवर नव्हे, प्रतिबिंबावर फोकस करावा. आपण आरशापासून एक मीटरवर आणि आजी दोन मीटरवर असेल, तर कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती तीन मीटर दूर असते. रात्री समईच्या उजेडात फ्लॅश टाळावा. ज्योतीपासूनचे अंतर दुप्पट झाले, की उजेड चौथाईवर येतो. ज्याचा चेहरा हवा, त्याला समईच्या जवळ बसवणे हाच उपाय.

आजच्या मोबाइलची एक खोड येथे ध्यानात ठेवली पाहिजे. एचडीआरसारख्या सोयी अनेक प्रतिमा एकत्र करून काळोख उजळतात. प्रवासातल्या दृश्याला त्या उपकारक ठरतात. माजघराच्या बाबतीत मात्र त्या घराचा स्वभावच पुसून टाकतात. पडद्यावर उजळ भागाला बोट लावून उजेडाची पट्टी खाली ओढली, की काळोख आपल्या जागी परततो. डोळ्यांना सारे दिसत होते, ते चित्रात दिसत नाही अशी खंत करू नये. अंधाऱ्या खोलीत दाराच्या चौकटीत उभी असलेली आई केवळ काळ्या आकृतीनेही घरातल्यांना ओळखू येते. पदर खोचण्याची, कमरेवर हात ठेवण्याची लकब त्या आकृतीत असतेच.

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, वेळ लागतो. गावी गेल्यावर एक दिवस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घराचा उजेड कोणत्या खोलीत केव्हा येतो, एवढेच पाहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारले, तर ते कॅमेऱ्याशिवायही सांगतील. ऊन कोणत्या पायरीवर आले की चहाचे आधण ठेवायचे आणि कोणत्या खांबापर्यंत गेले की वाळवण उचलायचे, हे त्यांना पाठ असते. त्या पायरीचे आणि त्या खांबाचे, त्याच वेळी घेतलेले छायाचित्र हे त्या घराचे खरे चित्र होय. पुढे कौले उतरली, तरी त्या उन्हाची वेळ पुढच्या पिढीला कळेल.