कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू ठेवायचा का? स्लीप, शटडाऊन आणि वीजबिलाचा हिशेब

तुमचा फोन तुम्ही शेवटचा कधी पूर्ण बंद केला होता? बहुतेकांना आठवणारही नाही. रात्री तो उशाशी चालूच असतो, सकाळी अलार्म वाजवतो आणि दिवसभर खिशात जागा असतो. त्यामुळे घरी पहिल्यांदा डेस्कटॉप आला की बरेच जण मला विचारतात, "कॉम्प्युटर पण असाच चालू राहू दिला तर काय बिघडतं? सारखा चालू-बंद केला की उलट लवकर खराब होतो म्हणतात ना?"

यात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक पैशाचा आणि दुसरा मशीनच्या आयुष्याचा. आधी पैशाचा घेऊ, कारण तो आकड्यांत मांडता येतो आणि बिल बहुतेक वेळा आपण नाही, घरातलं दुसरं कोणीतरी भरत असतं.

फोनचं गणित इथे चालत नाही

५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-अवर ऊर्जा. चार्जरमध्ये थोडी वाया जाते ती धरून २५ म्हणू. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-अवर. म्हणजे फोन रोज शून्यापासून फुल चार्ज केला तरी महिन्याला पाऊण युनिट आणि वर्षाला ९ युनिट. आई "चार्जर काढ, बिल येतं" म्हणते तेव्हा ती शिस्त म्हणून बरोबर आहे, बिलावर मात्र त्याचा फरक दिसत नाही.

आता डेस्कटॉप. माझ्याकडे प्लगमध्ये लावायचा एक छोटा वॉटमीटर आहे. तो लावून मी माझा साधा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला डेस्कटॉप मोजला. काहीही काम न करता नुसता चालू असताना, ज्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो तो डबा ५० वॉटच्या आसपास खातो. २२ इंची मॉनिटर आणखी २०. स्लीपमध्ये टाकला की डबा ३ वॉटवर येतो. शटडाऊन केल्यावरही १ वॉट जातच असतो, कारण पॉवर बटणाची वाट बघायला पॉवर सप्लायचा एक भाग जागा राहतो. (मागे लॅन केबलच्या पोर्टवरचा दिवा बंद मशीनवरही लुकलुकताना दिसतो, तो यामुळेच.)

म्हणजे रिकामा डेस्कटॉप दर अर्ध्या तासाला एक फोन फुल चार्ज होईल एवढी वीज खातो. फोनची वर्षभराची वीज तो आठवड्याभरात संपवतो.

समजा तुम्ही दिवसाला ६ तास खरंच वापरता आणि उरलेले १८ तास तो नुसताच चालू असतो. मॉनिटर बंद धरू. ५० वॉट गुणिले १८ तास म्हणजे दिवसाला ०.९ युनिट, महिन्याला २७. युनिटला १० रुपये धरले तर २७० रुपये महिना, वर्षाला ३२४० रुपये. हेच १८ तास स्लीपमध्ये काढले तर महिन्याला दीड युनिटच्या थोडं वर, म्हणजे १६ रुपये. मॉनिटरवर स्क्रीनसेव्हर फिरत ठेवला असेल तर २७ चे जवळजवळ ३८ युनिट होतात. स्क्रीनसेव्हर वीज वाचवत नाही हे अजूनही अनेकांना माहीत नसतं. जुन्या काचेच्या, जाड मॉनिटरवर एकच चित्र फार वेळ राहिलं की त्याचा डाग पडायचा, म्हणून तो आला. आताच्या एलसीडीला त्याची गरज नाही.

दहा रुपये हा दर मी सोयीसाठी धरलाय, पण तो हवेतला नाही. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांत चढतात: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, पुढे ३०१ ते ५०० आणि त्यावर. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की दर दुपटीच्या आसपास जातो. तो फक्त १०० च्या वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. पण कॉम्प्युटरचे जास्तीचे युनिट नेमके त्या वरच्याच भागात पडतात. घरातलं नेहमीचं वापर ९५ युनिट असेल तर तुमचे २७ जवळजवळ सगळे महाग दराचे. मुंबईत वेगवेगळ्या कंपन्या वीज देतात आणि त्यांचे दर वेगळे आहेत, तेव्हा आपल्या बिलाच्या मागे छापलेला तक्ता एकदा बघाच.

गेमिंग पीसी आणि चार जणांची खोली

माझा मावसभाऊ पुण्यात शिकायला आहे. चार मुलं मिळून एक वन बीएचके, बिल चौघांत सारखं वाटायचं. त्यांच्यातल्या एकाकडे गेमिंग पीसी, तो रात्री गेम डाउनलोडला लावून झोपायचा आणि सकाळी तसाच चालू ठेवून कॉलेजला जायचा. बिल वाढलं तेव्हा संशय आधी गीझरवर गेला, मग फ्रिजवर. त्यावरून चांगलीच वादावादी झाली. मावसभावाने मला फोन केला, "दादा, एक कॉम्प्युटर एवढं बिल वाढवू शकतो का? तो म्हणतो त्यावर काही चालूच नसतं."

दादाने वॉटमीटर पाठवला. वेगळं ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिवे आणि पाच-सहा पंखे असलेलं ते मशीन डेस्कटॉपवर नुसतं उभं असताना १०० वॉट घेत होतं. १८ तासांचे १.८ युनिट, महिन्याचे ५४. आपल्या हिशेबाने ५४० रुपये, आणि त्यातले ४०५ ज्यांनी त्या मशीनला हातही लावला नाही ते तिघं भरत होते. तो मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याच्या दृष्टीने स्क्रीन काळी होती, म्हणजे कॉम्प्युटर 'झोपलेला' होता. पण झोपला होता फक्त मॉनिटर. डब्यातला पंखा फिरतोय का, हे ऐकून खरं काय ते कळतं. पंखा फिरत असेल तर मशीन जागं आहे.

डाउनलोडचंही बघा. १०० जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या लाईनवर साडेचार तासांत येतो. रात्री ११ ला लावला तर पहाटे साडेतीनला संपला. त्यानंतरचे तास मशीन कोणासाठी जागं असतं? बऱ्याच डाउनलोड मॅनेजरमध्ये आणि टॉरेंट सॉफ्टवेअरमध्ये 'काम संपलं की शटडाऊन कर' असा पर्याय असतो. नसेल तर विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये पहाटे पाचची शटडाऊनची वेळ लावता येते. त्यांच्या खोलीत हाच तोडगा निघाला.

चालू-बंद केल्याने खराब होतो का?

ही समजूत अगदीच खोटी नाही, जुनी आहे. सुरुवातीच्या पीसींच्या हार्ड डिस्क बंद करण्याआधी त्यांचा हेड वेगळी कमांड देऊन सुरक्षित जागी 'पार्क' करावा लागायचा. चालू होताना मोटरला जोर लागायचा, भाग थंड-गरम होऊन सांधे सैल व्हायचे. तेव्हा चालू-बंद कमी ठेवणं शहाणपणाचं होतं.

पण त्यानंतरच्या काळातल्या डेस्कटॉप हार्ड डिस्कसुद्धा ५०,००० वेळा चालू-बंद सोसतील अशा बनवल्या जातात. दिवसातून चार वेळा केलं तरी ३४ वर्षं लागतील. तुमच्याकडे एसएसडी असेल तर फिरणारा भागच नाही, विषय संपला.

दुसऱ्या बाजूला सतत चालू ठेवण्याची झीज मात्र खरी आहे. पंखे चोवीस तास फिरतात आणि चोवीस तास धूळ आत ओढतात. रस्त्याकडेच्या घरात किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर सहा महिन्यांत हीटसिंकवर गादी जमते. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात बंद खोलीत चाललेल्या मशीनला हे लागू होतं. "सर्व्हर तर वर्षानुवर्षं बंद करत नाहीत" असं कोणी म्हणालं, तर त्यांना एसी खोली, गाळलेली हवा आणि जनरेटर असतो एवढं सांगा.

आणि आपल्याकडचा मोठा धोका वेगळाच आहे: लाईट. गेली की जाते, येताना कधीकधी जोरात येते. वळवाच्या पावसात विजा चमकत असताना चालू मशीन भिंतीला जोडलेलं असणं हा जुगार आहे. स्पाइक गार्ड छोटे झटके झेलतो, जवळ पडलेली वीज नाही. ती ब्रॉडबँडच्या तांब्याच्या केबलमधूनही येऊ शकते. अशा वेळी शटडाऊन करून प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवणं हाच खात्रीचा उपाय. यूपीएस आहे म्हणून रात्रभर चालू ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्या, घरगुती यूपीएस पाच-पंधरा मिनिटं देतो ते तुम्हाला फाईल सेव्ह करून मशीन बंद करता यावं म्हणून. तुम्ही झोपलेले असाल तर बॅटरी तळापर्यंत जाते आणि मशीन बंद पडायचं ते पडतंच. असं वारंवार झालं की बॅटरीही लवकर बदलावी लागते.

स्लीप, हायबरनेट, शटडाऊन: यातलं कधी काय

स्लीपमध्ये तुमचं उघडं काम रॅममध्ये राहतं आणि बाकी सगळं थांबतं. दोन सेकंदांत परत जागं. जेवायला, क्लासला, दुपारभर बाहेर जाणार असाल तर स्लीपच. फक्त लाईट गेली की रॅममधलं पुसलं जातं. त्यासाठी डेस्कटॉपवर विंडोज 'हायब्रीड स्लीप' देतं, त्यात एक प्रत डिस्कवरही जाते.

हायबरनेटमध्ये सगळं डिस्कवर लिहून मशीन खरंच बंद होतं. प्लग काढला तरी सकाळी सगळ्या विंडो जशाच्या तशा. मला रात्रीसाठी हेच आवडतं. एसएसडी झिजेल म्हणून काही जण घाबरतात, पण रोज ४ जीबी लिहिले तरी वर्षाला दीड टेराबाइट होतात. ५०० जीबीच्या बऱ्याच एसएसडींची लिहिण्याची हमी १५० ते ३०० टेराबाइटची असते. मेन्यूत हायबरनेट दिसत नसेल तर कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन ते चालू करा.

शटडाऊनची एक गंमत आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर शटडाऊन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरनेट होतो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उठतो. खात्री करायची असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, आणि खाली 'अप टाइम' बघा. रोज बंद करणाऱ्यांनाही तिथे बारा-पंधरा दिवस दिसू शकतात. म्हणून साऊंड गेला, ब्लूटूथ अडकलं, मशीन संथ झालं की शटडाऊनने फरक पडत नाही आणि रीस्टार्टने पडतो. रीस्टार्ट गाभ्यासकट सगळं नव्याने सुरू करतं. आठवड्यातून एकदा तो द्यावाच. शिफ्ट दाबून शटडाऊनवर क्लिक केलं तरी पूर्ण बंद होतं.

रात्रभर चालू ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. विंडोज तुमचे कामाचे तास सोडून अपडेटसाठी स्वतःच रीस्टार्ट करू शकतं. प्रोजेक्टची फाईल सेव्ह न करता "सकाळी पुढे करू" म्हणून उघडी ठेवली असेल तर सकाळी ती सापडेलच असं नाही.

लॅपटॉपचं थोडक्यात. तो रिकामा असताना १० वॉटच्या आसपास खातो, त्यामुळे बिलाची चिंता कमी. मात्र हल्लीच्या अनेक लॅपटॉपची स्लीप फोनसारखी असते, झाकण लावल्यावरही तो मधूनमधून जागा होऊन नेटला जोडतो. बॅगेत टाकलेला लॅपटॉप गरम आणि बॅटरी अर्धी, असं झालं असेल तर कारण हेच. बॅगेत घालण्याआधी हायबरनेट करा.

खरंच चालू ठेवायचाच असेल तर

काही कामं खरोखर चोवीस तासांची असतात: सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, घरातल्या सगळ्यांचे फोटो एका जागी साठवणं, बाहेरून घरच्या मशीनवर लॉगिन करणं, रात्रभराचं व्हिडिओ रेंडरिंग. रेंडरिंगला पर्याय नाही, ते करा आणि संपलं की बंद करा. बाहेरून लॉगिन कधीतरीच लागत असेल तर बायोसमध्ये 'वेक ऑन लॅन' चालू करून मशीन हवं तेव्हाच उठवता येतं, फक्त त्यासाठी ते केबलने राऊटरला जोडलेलं हवं. आणि फोटो साठवण्यासारख्या हलक्या कामाला ५० वॉटचा डबा कशाला? रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड ५ वॉटच्या आसपास चालतो. महिनाभर एक मिनिटही बंद न करता त्याचे ३.६ युनिट होतात.