चतुःसीमेतली माणसे

रमजानचा महिना अर्धा उलटला की अनेक मुस्लिम घरांत जकातीचा हिशेब मांडला जातो. सोने-चांदी, बँकेतली शिल्लक, दुकानातला विक्रीचा माल, लोकांकडून येणे असलेली रक्कम यांची बेरीज होते, देणे वजा होते. उरलेली रक्कम ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल आणि तिला चांद्र वर्ष पूर्ण झाले असेल, तर तिच्यातले अडीच टक्के गरजूंच्या हक्काचे. या यादीत राहते घर धरले जात नाही. ते दोन खोल्यांचे असो की दोन मजल्यांचे, बाजारात त्याला कितीही भाव आलेला असो, कुटुंब त्यात राहत असेल तर त्यावर जकात नाही. तोच फ्लॅट भाव आल्यावर विकायचा म्हणून घेतला असेल, तर मात्र तो व्यापाराचा माल ठरतो आणि त्याच्या बाजारभावावर जकात द्यावी लागते.

विटा, सिमेंट, सळई सारे सारखेच असते. बदलतो तो घेणाऱ्याचा हेतू. विकायच्या घराची किंमत चौरस फुटांत सांगता येते. राहत्या घराची कशात सांगायची, हा प्रश्न शिल्लक राहतो.

दहा-वीस वर्षे एका घरात काढलेल्या माणसाला त्या घरातले काय आवडते असे विचारले, तर उत्तर क्वचितच चौरस फुटांत येते. घर घेताना ज्या गोष्टींची घासाघीस झालेली असते, पार्किंग, लादी, स्वयंपाकघरातला ओटा, त्या मागे पडलेल्या असतात. सकाळी खिडकीतून ऊन कुठवर येते, बाजार पायी किती अंतरावर आहे, अजान आणि देवळातली घंटा दोन्ही कानावर येतात, उन्हाळ्यात गच्चीवर वारा असतो, हे सांगितले जाते. आणि थोड्या वेळाने शेजाऱ्यांचे नाव निघतेच. गावाला जाताना किल्ली कोणाकडे ठेवायची, रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर कोणाचे दार वाजवायचे, शाळेतून आलेले मूल आई येईपर्यंत कोणाच्या घरी बसेल, या प्रश्नांची उत्तरे ज्या घरात तयार असतात, ते घर विकायला माणूस लवकर तयार होत नाही.

खरेदीखत काय सांगते

घराचे जुने मराठी खरेदीखत काढून वाचावे. त्यात रक्कम असते, लांबी-रुंदी असते, सिटी सर्व्हे नंबर असतो. त्यानंतर येते चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस सार्वजनिक बोळ, दक्षिणेस तमक्याची भिंत, उत्तरेस सरकारी रस्ता. म्हणजे ज्या घराचा व्यवहार होतो, त्याची ओळख पटवायला आजूबाजूच्या माणसांची नावे लागतात. पुढे जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण यांसह आणि जाण्यायेण्याच्या वहिवाटीसह मिळकत दिली, असाही मजकूर येतो.

ही नुसती लिहिण्याची पद्धत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याचे कलम २१ मिळकतीचे वर्णन कसे करावे ते सांगते. शहरातले घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, तिथे सध्या कोण राहते आणि आधी कोण राहत होते, हे त्यात यावे अशी कायद्याची अपेक्षा आहे. रस्त्यावरच्या घरांना क्रमांक असतील तर तेही द्यावेत, असे त्यात शेवटी म्हटले आहे. कायदा करणाऱ्यांनाही घर माणसांवरूनच ओळखता येत होते.

गावठाणातल्या कित्येक घरांना तर असा कागदही नव्हता. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून घरमालकांना मालमत्ता पत्रक देण्याचे काम हाती घेतले गेले. पिढ्यान्‌पिढ्या एका घरात राहणाऱ्याला कागद मिळणे ही मोठी गोष्ट आहे; त्यावर कर्ज मिळू शकते, हद्दीचे भांडण मिटू शकते. कागद येण्याआधी ते घर अमक्याचे आहे याला आधार होता तो मुख्यतः शेजाऱ्यांच्या तोंडी साक्षीचा.

एका भिंतीची दोन घरे

जुन्या पेठांत आणि मोहल्ल्यांत घरे एकमेकांना टेकून उभी असतात. भिंत सामाईक, पागोळ्यांचे पाणी बोळातून एकाच गटारात. उर्दूत शेजाऱ्याला ‘हमसाया’ म्हणतात. मूळ फारसी शब्दाचा अर्थ एकाच सावलीत राहणारा. दाटीच्या वस्तीत हा अर्थ डोळ्यांना दिसतो. दुपारी तीननंतर एका घराची सावली दुसऱ्याच्या ओट्यावर पडते आणि दोन्ही घरची माणसे तिथेच येऊन बसतात.

सामाईक भिंतीवरून भांडणेही होतात. प्रेषित मुहंमद यांच्या एका हदीसमध्ये हाच प्रश्न आला आहे. शेजारी आपल्या भिंतीत लाकूड किंवा तुळई बसवू इच्छित असेल तर त्याला अडवू नये, असा त्याचा आशय. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. शेजारधर्माचा उपदेश पुष्कळ ठिकाणी सापडतो. इथे मात्र भिंत, लाकूड आणि छप्पर यांच्या भाषेत तो सांगितला आहे. दुसऱ्याचे छप्पर उभे राहायला आपल्या भिंतीचा आधार लागत असेल, तर मालकी हक्क थोडा आखडता घ्यावा, इतके ते साधे आहे.

आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. एखाद्या घराला वीस वर्षे खिडकीतून विनाअडथळा उजेड आणि वारा मिळत आला असेल, तर तो हक्क होतो. शेजाऱ्याला मनमानी भिंत उभारून तो बुजवता येत नाही. याच कायद्याचे कलम १८ रूढीने मिळणाऱ्या हक्कांबद्दल आहे. तिथे उदाहरण म्हणून एका गावाची रूढी दिली आहे, की शेजाऱ्याच्या खाजगीपणावर घाला पडेल अशी नवी खिडकी कोणी उघडू नये. पडद्याची चाल असलेल्या वस्त्यांत ही रूढी विशेष जपली गेली. एका घराच्या खिडकीसमोर दुसऱ्याची खिडकी येऊ न देणे, गच्चीचा कठडा उंच घेणे, दारावर चिक सोडणे ही त्याचीच रूपे. गच्चीवर जाण्याआधी खालून हाक देण्याची सवयही त्यातलीच. उजेड अडवायचा नाही आणि नजर टाकायची नाही, या दोन गोष्टी पाळल्या की दाटीतही माणसे वर्षानुवर्षे सुखाने राहतात.

शेजारी कोणाला म्हणायचे

कुरआनच्या चौथ्या अध्यायात नात्यातला शेजारी आणि परका शेजारी, दोघांशीही चांगले वागण्याची आज्ञा आहे. शेजार कुठवर धरायचा, यावर आठव्या शतकात होऊन गेलेल्या हसन बसरींचे उत्तर सांगितले जाते: समोर चाळीस घरे, मागे चाळीस, उजवीकडे चाळीस, डावीकडे चाळीस. चतुःसीमेच्याच चार दिशा, फक्त लांबवर नेलेल्या. हिशेब केला तर एकशे साठ घरे होतात, म्हणजे एक मध्यम आकाराची आळी.

इतक्या घरांना रोज ताट पोचवणे कोणालाच जमणार नाही. हजरत आयेशा यांनी प्रेषितांना विचारले होते, की दोन शेजारी असतील तर भेट कोणाला पाठवावी. ज्याचे दार जवळ आहे त्याला, असे उत्तर मिळाले. नाते किंवा धर्म असा निकष त्यात नाही, दाराचे अंतर आहे. प्रेषितांचे सहकारी अब्दुल्ला बिन अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला का, असे ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, अशी नोंद तिरमिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे.

या शिकवणीचे रोजचे रूप रमजानमध्ये संध्याकाळी दिसते. इफ्तारच्या अर्धा तास आधी रुमालाने झाकलेली ताटे गल्लीतून इकडून तिकडे जातात. त्यात खजूर, भजी, कापलेली फळे असतात. शाकाहारी शेजारी असेल तर त्याचे ताट आधी वेगळे काढले जाते. ताट रिकामे परत करायचे नाही हा नियम दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे त्यातून कधी साखर येते, कधी चिवडा. दिवाळीला फराळ येतो, ईदला शीरखुर्मा जातो. वरवर पाहता हे फार मोठे काही नाही. पण ज्या घरांत ताटे जातात-येतात, तिथे मुलांना एकमेकांच्या स्वयंपाकघराची वाट ठाऊक असते आणि गावात अफवा उठली तर आधी शेजाऱ्याला विचारण्याची सोय असते.

पहिला हक्क शेजाऱ्याचा?

शेजार इतका मोलाचा असेल तर तो टिकवण्याचा कायदा हवा, असे जुन्या धर्मशास्त्रींना वाटले. इस्लामी कायद्यात त्याला ‘शुफा’ म्हणतात. घर विकायला निघाले की बाहेरच्या माणसाने कबूल केलेली तीच किंमत देऊन ते घेण्याचा पहिला हक्क. हनफी मताप्रमाणे हा हक्क आधी सहमालकाला, मग वाट किंवा पाणी सामाईक असणाऱ्याला आणि शेवटी भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याला. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई मताचे. त्या मतात हा हक्क फक्त सहमालकापुरता आहे. गुजरातच्या काही शहरांत हिंदू घरमालकांमध्येही रूढी म्हणून शुफा चालत असे.

स्वतंत्र भारतात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. भाऊराम विरुद्ध बैजनाथ या १९६२ च्या निकालात सहमालकाचा हक्क वाजवी ठरला. केवळ शेजारी म्हणून मिळणारा हक्क मात्र घटनाबाह्य ठरला. अशा हक्काचा खरा उपयोग परक्या जातीधर्माच्या माणसाला वस्तीबाहेर ठेवण्यासाठी होतो, हे न्यायालयाने लक्षात घेतले. शेजाऱ्याविषयीची आपुलकी आणि परक्याविषयीची भीती एकाच दारातून आत येऊ शकतात, हे त्या निकालाने दाखवून दिले.

ही भीती कायद्याच्या पुस्तकातच राहिलेली नाही. आज कोणत्याही मध्यम शहरात घर शोधणाऱ्याला बजेटआधी आडनाव विचारले जाते. कुठे ते स्पष्ट विचारतात, कुठे ‘खाणे-पिणे’ विचारतात. नाव ऐकल्यावर ‘कालच दिला’ असे उत्तर येते. मुसलमानाला येते, दलिताला येते, काही इमारतींत मांसाहारी हिंदूलाही येते. मुसलमानांच्या मोहल्ल्यातही बाहेरच्याला घर देताना कुरकुर होते, हेही मान्य केले पाहिजे. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सहकारी संस्थेला उपविधींनुसार सभासदत्व एका समाजापुरते ठेवता येते, असा निर्णय दिला. कायद्याची वाट अशी दोन्हीकडे जाते. शेजार कसा असावा हे शेवटी घरमालकांनाच ठरवावे लागते.

त्याचे परिणाम दूरवर जातात. एकाच समाजाच्या वस्तीत ताटे जातात-येतात, किल्ल्याही ठेवल्या जातात. मात्र दुसऱ्या समाजाच्या घराची आतली वाट ठाऊक नसलेली मुले तिथे मोठी होतात. वाडे वारसांत वाटले जातात, बिल्डरकडे जातात. जुने शेजारी वेगवेगळ्या दिशांच्या वसाहतींत पांगतात आणि जो तो आपल्यासारख्यांजवळ घर शोधतो. जुन्या आळीत मिश्र शेजार कोणी ठरवून केलेला नव्हता, तो वहिवाटीने झालेला होता. नव्या वसाहतीत तो आपोआप होणार नाही. तिथे घर विकणाऱ्याने, संस्थेच्या कमिटीने आणि आधीपासून राहणाऱ्यांनी तो होऊ द्यावा लागेल.

फ्लॅटच्या करारातही चतुःसीमा असते. पूर्वेस लिफ्ट, पश्चिमेस मोकळी जागा, उत्तरेस फ्लॅट नंबर अमुक. नंबरामागच्या माणसाचे नाव करारात नसले तरी ते दारावरच्या पाटीवर असते. हे रमजानचे उरलेले दिवस आहेत. ताट कोणाला पाठवायचे हे ठरवायला आडनाव वाचण्याची गरज नाही. लिफ्टमधून बाहेर आल्यावर जे दार सर्वांत जवळ आहे, त्यावर टकटक करणे पुरेसे आहे.