सीतेसाठी रडलेली तीन भावंडे

इंग्रजीत कविता करणारा भारतीय मातीपासून तुटतो, अशी आपली समजूत असते. कलकत्त्याच्या तोरू दत्तकडे पाहावे. १८६२ साली तिचे घर ख्रिस्ती झाले. पण आईच्या तोंडच्या पुराणकथा घरात राहिल्या. तिच्या 'सीता' या कवितेत तीन भावंडे अंधाऱ्या खोलीत सीतेच्या वनवासावर रडतात. भाऊ १८६५ साली वारला, बहीण १८७४ साली. तोरूही १८७७ साली, एकविसाव्या वर्षी गेली. कविता १८८२ साली पुस्तकात आली. आईजवळ पुन्हा कधी जमू, ही तिची अखेरची हुरहूर. आमच्या आयाबाया सीतेचा हाच वनवास जात्यावर गात. कुणी ही कविता त्यांना मराठीत सांगितली असती, तर त्यांनी तोरूला लेकच म्हटले असते.