चेहऱ्याची शस्त्रक्रिया : कुणी करावी, कुणी थांबावं?

मावळात लग्नाचं बोलणं सुरू झालं की मुलीचा फोटो मोबाइलवरून फिरू लागतो. लोणावळा, कामशेत, तळेगाव आणि तिथून पुणे-मुंबई. एखादा रिश्ता ‘हनुवटी जरा पुढे आहे’ एवढ्यावरून परत येतो. मग घरात दबक्या आवाजात विषय निघतो, “ऑपरेशनने नीट होतं म्हणे. करून टाकायचं का?”

भगिनींनो, नीट होतं की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी विचारायला हवं, हे कुणाला हवं आहे?

जबडा, हनुवटी, गालाचं हाड किंवा नाक यांचा आकार शस्त्रक्रियेने बदलता येतो. हाड घासून कमी करतात किंवा कापून मागेपुढे बसवतात. पुण्याला ही विद्या नवी नाही. १७९२च्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेचा गाडीवान कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकीकत चित्रासह छापली.

हजरत अरफजा (रजि.) यांचंही नाक लढाईत तुटलं होतं. चांदीचं नाक बसवलं, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. एरवी पुरुषाला सोनं वापरायला मनाई आहे, तरीही गरज पाहून मुभा मिळाली. २००७ मध्ये मलेशियातल्या पुत्रजाया इथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही हाच फरक स्पष्ट केला. जन्मजात व्यंग किंवा अपघात, भाजणं, आजार यांमुळे आलेली विद्रूपता दूर करायला हरकत नाही. मात्र निरोगी चेहरा निव्वळ हौसेपायी बदलू नये.

डॉक्टरांचा विचारही बराचसा याच वाटेने जातो. द्रुतगती मार्गावरच्या अपघातात ज्याच्या गालाचं हाड बसलं, जिचे वरचे-खालचे दात जुळत नसल्याने घास चावता येत नाही, किंवा ज्या बाळाचा ओठ जन्मतः दुभंगलेला आहे, त्यांची गरज उघड आहे. त्यांनी लाजून घरी बसू नये.

बाकीच्यांनी काही गोष्टी तपासाव्यात. पहिली, वय. जबड्याची वाढ मुलींमध्ये साधारण सोळा-सतराव्या वर्षापर्यंत आणि मुलांमध्ये त्याहून उशिरापर्यंत चालते. वाढ पुरी होण्याआधी हाडाला हात लावला तर पुढे आकार पुन्हा बिघडू शकतो. दुसरी, तब्येत. मधुमेह किंवा रक्तदाब ताब्यात नसेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गरोदरपण असेल, तर डॉक्टर थांबायला सांगतात. तिसरी, सवयी. तंबाखू आणि सिगारेटने जखम भरायला वेळ लागतो. गुटख्याने तोंड उघडेनासं झालं असेल तर भूल देणंही अवघड होतं. मिश्रीसुद्धा तंबाखूच, हे डॉक्टरांपासून लपवू नका.

चौथी गोष्ट मनाची. सूज उतरायला काही आठवडे आणि अंतिम आकार दिसायला सहा महिने ते वर्ष लागतं. हनुवटीची नस दुखावली तर खालचा ओठ बधिर राहू शकतो, कधी कायमचा. हे ऐकूनही जिची तयारी आहे आणि जिला थोड्या सुधारणेत समाधान आहे, तीच योग्य. जी तासन् तास आरशासमोर बसते, इतरांना न दिसणारा दोष जिला रात्रंदिवस छळतो, तिला आधी मानसोपचारतज्ज्ञाची मदत हवी. चाकूने ते दुखणं जात नाही.

खर्चाचंही पाहा. आरोग्य विमा निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे देत नाही. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरच्या दुरुस्तीला किंवा वैद्यकीय गरजेच्या उपचारांना ही आडकाठी नाही. दुभंगलेल्या ओठाच्या बाळांसाठी सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. ब्युटी पार्लरच्या सल्ल्यावर जाऊ नका. प्लास्टिक सर्जन किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ यांनाच दाखवा आणि शक्यतो दोघांचं मत घ्या.

आता पुन्हा त्या घराकडे वळू. आई, खाला, फुफू सगळ्या बोलून झाल्या की मुलीला एकटीला जवळ बसवून विचारा, “बेटा, रिश्त्याचा विषय बाजूला ठेव. तुला स्वतःला काय त्रास होतो?” ती म्हणाली, “जेवताना जबडा दुखतो,” तर पुण्याची लोकल पकडा. ती म्हणाली, “मला काहीच त्रास नाही,” तर शस्त्रक्रियेची गरज तिला नाही. बदलायचंच असेल तर आपलं रिश्ते पाहणं बदलू या.