५१ गुण काढूनही हार!

३१ मे २०१८, एनबीए फायनलचा पहिला सामना. लेब्रॉन जेम्सने वॉरियर्सविरुद्ध ५१ गुण काढले, तरी त्याचा संघ क्लीव्हलँड हरला! १०७-१०७ बरोबरी, ४.७ सेकंद बाकी. क्लीव्हलँडच्या जॉर्ज हिलचा फ्री थ्रो हुकला, रिबाउंड त्याच्याच संघातल्या जे. आर. स्मिथला मिळाला; पण बास्केटखालीच असताना शॉट न घेता तो चेंडू घेऊन बाहेर पळाला. ओव्हरटाइमनंतर १२४-११४.

सगळे स्मिथवर तुटून पडले. माझ्या मते खरं दुखणं जुनं होतं. २०१७ मध्ये क्लीव्हलँडचा कायरी आयर्विंग बॉस्टनला गेला आणि स्वतःचा शॉट स्वतः तयार करणारा दुसरा भरवशाचा गडी उरला नाही. फायनलआधीच्या फेऱ्यांत इंडियाना, बॉस्टन सात-सात सामन्यांत निभावले. फायनलमध्ये समोर वॉरियर्सचे करी, ड्युरंट, थॉम्पसन आल्यावर एकाला अडवलं की दुसरा मारायचा. मालिका ४-० अशी गमावली.