मधुमेही मांजराने काय खावे?

मांजरालाही मधुमेह होतो असे वर्गात सांगितले, की मुले आधी हसतात आणि लगेच विचारतात, "मांजर तर गोड खातच नाही, मग त्याला साखरेचा रोग कसा होतो?" प्रश्न नेमका आहे. त्याचे उत्तर शोधताना जीवशास्त्राच्या पुस्तकातील बराचसा भाग आपोआप उलगडतो, म्हणून आपण तेथूनच सुरुवात करू.

मांजराला गोड चव कळत नाही हे खरे आहे. जिभेवरील गोड चवीचा ग्राहक दोन प्रथिनांच्या जोडीने बनतो. त्यांपैकी एका प्रथिनाचे जनुक मांजरकुळात मोडलेले आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील मोनेल संस्थेच्या संशोधकांनी २००५ साली हे दाखवून दिले. या जनुकाचा एक तुकडाच गळालेला असल्यामुळे प्रथिन तयार होत नाही. वाघ आणि चित्ता यांच्या बाबतीतही त्यांना तेच आढळले. घरचे मांजर दूध आवडीने पिते ते त्यातील साखरेसाठी नव्हे, तर स्निग्धांश आणि प्रथिने यांच्या चवीसाठी.

परंतु जिभेला साखर कळली नाही म्हणून ती रक्तात जायची थांबत नाही. भात, पोळी, बिस्कीट यांतील पिष्टमय पदार्थांचे आतड्यात ग्लुकोजच होते. आपण भरपूर भात खाल्ला, तर आपल्या यकृतातील ग्लुकोकायनेज नावाचे विकर त्या ग्लुकोजचा लोंढा झपाट्याने साठवणीकडे वळवते. मांजराच्या यकृतात हे विकर जवळजवळ निष्क्रिय असते. त्याला त्याची गरजही नव्हती. उंदीर, पाखरू, सरडा, मासा या खाद्यात कर्बोदके असतात तरी किती? शिकार करून जगणाऱ्या मोकाट मांजरांच्या आहाराचे जे विश्लेषण झाले आहे, त्यात एकूण ऊर्जेपैकी सुमारे ५२ टक्के प्रथिनांतून, ४६ टक्के स्निग्ध पदार्थांतून आणि केवळ २ टक्के कर्बोदकांतून येते असे दिसते. मांजराला लागणारे ग्लुकोज त्याचे यकृत प्रथिनांतील अमिनो आम्लांपासून तयार करते. हा कारखाना उपाशीपोटीही आणि भरल्या पोटीही चालूच असतो.

आता सातपाटीच्या बंदरावरचे मांजर आणि बोईसरच्या वसाहतीतील चौथ्या मजल्यावरचे मांजर यांची तुलना करून पाहा. बंदरावरचे मांजर होड्या लागल्या की धावते, भांडते, फेकलेली मासळी खाते, दुपारभर उंदरांच्या मागे असते. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ मध्ये सुरू झाला, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसर परिसरात इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींतील मांजर खिडकीत बसून कबुतरे पाहते. त्याची नसबंदी झालेली असते, वाटीत कोरडे दाणे चोवीस तास भरलेले असतात आणि वजन पाच-सहा किलोच्या पुढे गेलेले असते. मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. म्हणजे इन्शुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही आणि हळूहळू स्वादुपिंडातील पेशी थकतात. वय झालेले, लठ्ठ, नसबंदी केलेले बोके आणि घरात कोंडलेली मांजरे यांना त्याचा धोका अधिक असतो.

लक्षणे ओळखण्यास सोपी आहेत. मांजर सारखे पाणी पिते, वाळूच्या टोपल्यात मोठमोठे ओले गोळे दिसतात, खाणे वाढते आणि वजन मात्र उतरते. काही मांजरे मागचे पाय घोट्यापर्यंत जमिनीला टेकवून चालू लागतात. वाढलेल्या साखरेमुळे पायांच्या मज्जातंतूंना इजा झाल्याचे ते चिन्ह आहे. लघवीला मुंग्या लागणे ही आपल्याकडची जुनी खूणही येथे लागू पडते, पण ती उशिरा दिसते. माणसाच्या रक्तातील साखर १८० मिलिग्रॅमच्या आसपास गेली की ती लघवीत उतरू लागते. मांजरात ही पातळी २७० च्या सुमाराला असते. आणखी एक अडचण अशी, की दवाखान्यात घाबरलेल्या निरोगी मांजराची साखरही बरीच वाढलेली दिसते. म्हणून डॉक्टर एका मोजणीवर विसंबत नाहीत. ते लघवी तपासतात किंवा मागील एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइन ही चाचणी करतात.

निदान झाले की घरातील माणसे मांजराला चांगल्या हेतूने भलतेच पथ्य सुरू करतात, आणि याच मुद्द्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. घरात आजोबांना मधुमेह असतो. त्यांचे पथ्य सर्वांना पाठ असते: तेल-तूप कमी, कोंड्यासकट धान्य, नाचणीची भाकरी, मटण वर्ज्य. तेच मांजराच्या वाटीत जाते. नाचणीची भाकरी दुधात कुस्करून दिली की आपण फार काळजी घेतली असे वाटते. प्रत्यक्षात भाकरीत पिष्ट आहे आणि दुधात दर १०० मिलिलिटरला साडेचार-पाच ग्रॅम दुग्धशर्करा आहे. आजोबांना सांगितलेले पथ्य आजोबांसाठी योग्य असेल. ते सर्वाहारी प्राण्याचे पथ्य आहे. मांजराचे पथ्य जवळजवळ त्याच्या उलट आहे: प्रथिने भरपूर, कर्बोदके नाममात्र. एकूण ऊर्जेत कर्बोदकांचा वाटा १०-१२ टक्क्यांच्या आत असावा, असे पशुवैद्यक सर्वसाधारणपणे सुचवतात.

हा वाटा काढायचा कसा? आठवीच्या मुलांनाही जमेल असे हे गणित आहे. मांजराच्या खाद्याच्या पाकिटावर प्रथिने, स्निग्धांश, तंतू आणि पाणी यांचे प्रमाण छापलेले असते. राख, म्हणजे खनिजे, नेहमी छापलेली नसतात. नसल्यास कोरड्या खाद्यात ८ आणि ओल्या खाद्यात २ टक्के धरावीत. या सर्वांची बेरीज १०० मधून वजा केली की कर्बोदके उरतात. पाकिटावर ती सहसा लिहिलेली नसतात, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. समजा, कोरड्या दाण्यांवर प्रथिने ३०, स्निग्धांश १०, तंतू ४, पाणी १० असे आकडे आहेत. राख ८ धरली तर बेरीज ६२ होते. म्हणजे कर्बोदके ३८. आता ऊर्जा काढू. प्राण्यांच्या तयार खाद्यासाठी प्रथिने व कर्बोदके यांना ग्रॅममागे साडेतीन आणि स्निग्धांशाला साडेआठ किलोकॅलरी धरतात. प्रथिनांपासून १०५, स्निग्धांशापासून ८५, कर्बोदकांपासून १३३, एकूण ३२३. कर्बोदकांचा वाटा ४१ टक्के झाला! दाणे बांधून ठेवण्यासाठी मका, तांदूळ किंवा गहू घालावाच लागतो, त्याचा हा परिणाम. पाकिटावर माशाचे चित्र कितीही ठळक असो.

आता ओल्या खाद्याचे छोटे पाकीट घेऊ. पाणी ८२, प्रथिने १०, स्निग्धांश ४, तंतू अर्धा, राख २ अशी आकडेवारी असेल, तर कर्बोदके दीड ग्रॅम उरतात. ऊर्जा ३५, ३४ आणि ५, म्हणजे एकूण ७४. कर्बोदकांचा वाटा ७ टक्के. पाण्यामुळे १० टक्के प्रथिने पाहून खाद्य निकृष्ट वाटते, पण तुलना ऊर्जेच्या हिशोबाने केली की चित्र पालटते. मात्र 'रस्सा' किंवा 'ग्रेव्ही' असलेल्या पाकिटात रस दाट करण्यासाठी पिष्ट घातलेले असू शकते, तेव्हा प्रत्येक पाकिटाचे गणित वेगळे करावे.

आणि आपला नेहमीचा मासे-भात? शिजलेला भात ५० ग्रॅम आणि शिजलेला मासा ५० ग्रॅम असे समसमान घेतले, तरी भातातून सुमारे १४ ग्रॅम कर्बोदके येतात आणि निम्मी ऊर्जा त्यांचीच होते. प्रत्यक्षात घरोघरी भात जास्त आणि मासा वासापुरताच असतो. वाड्याचा कोलम असो की रेशनचा तांदूळ, मांजराच्या दृष्टीने फरक नाही.

मग भात काढून नुसता मासा द्यावा का? पालघर तालुक्यात बोंबील, मांदेली, ढोमी मिळायला कठीण नाहीत आणि त्यांत कर्बोदके जवळजवळ नसतातच. मधुमेहासाठी मासा उत्तम. पण केवळ मासा हा पूर्ण आहार नाही. काही जातींच्या कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर असते, त्यामुळे मासा शिजवूनच द्यावा. तारलीसारखे तेलकट मासेच रोज दिले आणि ई जीवनसत्त्व कमी पडले, तर मांजराच्या चरबीला दाह होतो. काटे काढलेल्या माशात आणि हाडे काढलेल्या कोंबडीत कॅल्शियम फारच कमी असते. खारवलेली सुकी मासळी टाळावी. कांदा-लसूण घातलेले कालवण तर मुळीच देऊ नये, कारण त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

टॉरिन या पदार्थाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. १८२७ साली तो बैलाच्या पित्तात प्रथम सापडला, म्हणून त्याला बैलाच्या लॅटिन नावावरून नाव मिळाले. आपण तो शरीरात बनवू शकतो. मांजराला तो पुरेसा बनवता येत नाही. तो कमी पडला तर दृष्टिपटल झिजते. हृदयाचे स्नायू ताणून निकामी होतात, हे तर १९८७ मध्येच स्पष्ट झाले. त्यानंतर तयार खाद्यांतील टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. टॉरिन पाण्यात विरघळतो. मासा किंवा कोंबडी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून दिले, की टॉरिनही मोरीत जातो. थोड्या पाण्यात शिजवावे आणि ते पाणी वाटीतच घालावे. कोंबडीचे काळीज, म्हणजे हृदय, टॉरिनने समृद्ध असते. यकृत मात्र थोडेच द्यावे. रोज दिल्यास अ जीवनसत्त्वाची विषबाधा होते. शाकाहारी कुटुंबांना आम्हाला नाइलाजाने सांगावे लागते, की टॉरिन वनस्पतींत जवळजवळ नसतो आणि दूध-पोळीवर मधुमेही मांजर सांभाळता येणार नाही. अशा घरी तयार ओले खाद्य हाच सोयीचा मार्ग होय.

व्यवहारात आम्हाला असे वाटते, की पूर्ण आहार म्हणून कमी कर्बोदकांचे तयार ओले खाद्य आणि त्याच्या जोडीला शिजवलेला ताजा मासा, कोंबडी किंवा थोडे उकडलेले अंडे, अशी विभागणी परवडते आणि टिकते. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी पुरतात. लठ्ठ मांजराचे वजन आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे सहा किलोच्या मांजराचे ६० ग्रॅम, एवढेच उतरावे. त्याला उपाशी ठेवू नये. मांजराने काही दिवस खाल्ले नाही तर चरबी यकृतात साचून ते दगावू शकते. मूत्रपिंडाचा विकारही असेल तर प्रथिनांचा विचार वेगळा करावा लागतो, तो डॉक्टरांवर सोपवावा.

सर्वांत मोठा धोका आहार सुधारल्यावरच उद्भवतो. मांजराला दिवसातून दोनदा इन्शुलिन चालू आहे आणि घरच्यांनी हा लेख वाचून एका दिवसात दाणे बंद करून मासा सुरू केला असे समजा. साखर येण्याचे थांबले, इन्शुलिन मात्र तेवढेच राहिले. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते, मांजर झोकांड्या खाते, त्याला झटके येतात, वेळीच साखर न मिळाल्यास ते मरते. म्हणून खाद्य बदलायचे ते आठवडा-दोन आठवड्यांत, डॉक्टरांना सांगून, साखर मोजत आणि इन्शुलिनची मात्रा कमी करत. घरात मध किंवा साखरेचे दाट पाणी तयार असावे. मांजर लुळे पडले तर ते हिरड्यांना चोळून तडक दवाखाना गाठावा. हीच गोष्ट उलट बाजूने आशादायक आहे. रोग लवकर कळला आणि इन्शुलिनबरोबर कर्बोदके कमी केली, तर थकलेल्या पेशींना विसावा मिळतो आणि अनेक मांजरांचे इन्शुलिन काही आठवड्यांत वा महिन्यांत सुटते. माणसात असे सहज घडत नाही. सुटल्यावरही आहार तोच ठेवावा लागतो. मांजरांसाठीच्या गोळ्याही आता निघाल्या आहेत; त्यांतील पहिलीला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पण इन्शुलिन घेतलेल्या मांजरांना ती द्यायची नसते.

इन्शुलिनच्या बाबतीत एक गंमत विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. ५१ अमिनो आम्लांच्या या साखळीत मांजराचे आणि गाईचे इन्शुलिन फक्त एका ठिकाणी वेगळे आहे; मांजराचे आणि माणसाचे चार ठिकाणी. तरीही माणसाचे इन्शुलिन मांजराला चालते आणि ते औषधांच्या दुकानात मिळते. खरेदी करताना कुपीवरील आकडा पाहावा. आपल्याकडे माणसांच्या कित्येक इन्शुलिनच्या कुपीत मिलिलिटरला ४० एकके असतात, ग्लार्जिनसारख्या काहींत १००. सुयाही त्याप्रमाणे वेगवेगळ्या असतात: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. ४० च्या सुईने १०० चे इन्शुलिन भरले तर मात्रा अडीचपट जाते, आणि चार किलोच्या जिवाला ती झेपत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गाई-म्हशी आणि शेळ्या येतात. तेथे मांजर नेताना खाद्याच्या पाकिटावरील आकडे, रोजच्या खाण्याचे प्रमाण, कुपी आणि सुई बरोबर न्यावी, म्हणजे डॉक्टरांना मात्रा ठरवणे सोपे जाते. गरज पडली तर परळचे १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय पश्चिम रेल्वेने गाठता येते. मांजराला टोपलीत झाकून न्यावे आणि निघण्यापूर्वी त्याला खायला घातल्याशिवाय इन्शुलिन देऊ नये.