वालाला राख

सूप नीट धरायला मला पंधरा दिवस लागले. नोकरीची सगळी वर्षं पहाटेची लोकल गाठण्यात गेली. घरातलं धान्य टिकतं कसं, हे कधी पाहिलंच नव्हतं. निवृत्तीनंतर बदलापूर आणि वांगणीच्या मधल्या चामटोलीत राहायला आलो. पहिल्याच मे महिन्यात शेजारच्या मावशींनी विचारलं, "भाऊ, आगोट भरली का?"

आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. तांदूळ, वाल, मसाला, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा, सगळं त्यात आलं. आमच्या घरातलं वालाचं काम मी मागून घेतलं.

इथला कडवा वाल भातकापणीनंतर त्याच शेतात, जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो. वर्षाचा एकदम घेतला तर परवडतो. मात्र तो किडू न देणं आपल्या हातात. भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडी घालते, अळी आत शिरून दाणा खाते आणि भुंगा बाहेर पडताना गोल भोक ठेवतो. भोक दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

म्हणून आधी पाखडणं, निवडणं. मग अंगणात जुन्या चादरीवर पातळ पसरायचं आणि दुपारभर अधूनमधून हात फिरवायचा. चार दिवस कडक ऊन दिलं की दाणा दाताखाली कट्कन फुटतो. मी तिसऱ्याच दिवशी भरायला निघालो होतो. मावशींनी एक दाणा चावून पाहिला आणि म्हणाल्या, "मऊ आहे अजून. आज भराल, श्रावणात फेकाल." त्यांचं ऐकलं ते बरं झालं. आणखी एक गोष्ट त्यांनीच शिकवली: तापलेला वाल लगेच डब्यात भरायचा नाही. रात्रभर घरात निवू द्यायचा, नाहीतर डब्याला आतून घाम सुटतो.

निवलेल्या वालाला मग राख लावायची. ती चुलीतलीच, मात्र कोरडी, गार आणि फडक्यातून गाळलेली. मूठमूठ घेऊन दोन्ही हातांनी चोळायची. दाणा करडा दिसला पाहिजे. ही बारीक पूड दाण्यांमधल्या फटी भरते, किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते आणि किडा सुकून मरतो. इतक्या साध्या वस्तूत इतकी अक्कल साठलेली पाहून मला खरोखर भरून आलं. दहा किलो वालाला ना औषध लागलं, ना एक पैसा.

डबे माळ्यावर जातात. कारण उल्हास नदी जवळ आहे. 27 जुलै 2019 ला इथेच, चामटोलीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. ते आठवलं की धान्य जमिनीवर ठेवायला हात धजत नाही.

पावसात डबा उघडायचा, राख धुऊन वाल रात्रभर भिजवायचा, फडक्यात बांधून मोड आणायचे. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. दोघांच्या बिरड्याला, म्हणजे सोललेल्या वालाच्या उसळीला, सोलण्यात अर्धा-पाऊण तास जातो. ही आणि मी समोरासमोर बसतो, बोटं चालू, बोलणंही चालू. सालं आळूच्या वाफ्यात जातात.

वालाचं काम संपलं. उद्या चिंच फोडायला घ्यायची. मावशींनी चिंचोके बाजूला ठेवायला सांगितलंय.